पाचशे पन्नासचा ताळा: अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा जुना हंगाम वहीत कसा उतरवावा

पहिल्याच संध्याकाळी मी चुकलो, आणि चूक सापडायला तीन दिवस गेले.

दोन हिवाळ्यांपूर्वी मुलाकडे मिशिगनला गेलो होतो. बाहेर गुडघाभर बर्फ, घरातले सगळे आपापल्या कामाला आणि मी खिडकीशी. एक दिवस नातू कौतुकाने म्हणाला, "आजोबा, १९०१ साली इथल्या युनिव्हर्सिटीच्या टीमने सगळ्या सीझनमध्ये ५५० पॉइंट केले आणि समोरच्यांना एकही दिला नाही." मी चौतीस वर्षं सहकारी संस्थांच्या वह्या तपासल्या आहेत. एका बाजूला ५५० आणि दुसऱ्या बाजूला भोपळा असा हिशेब कुणी पुढे केला, की मी आधी चष्मा पुसतो. अकरा सामन्यांची यादी मिळवून बसलो. शिकागोविरुद्ध २२–०. हे २२ आले कुठून? आजचे दर नातवाने सांगितले होते: टचडाऊनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेण्याचे, ६, त्यावरच्या किकचा १, फील्ड गोलचे, म्हणजे चालू खेळात चेंडू लाथेने खांबांमधून मारण्याचे, ३. मी ७ अधिक ६ अधिक ६ अधिक ३ असे बावीस बसवले आणि हिरव्या शाईने बरोबरची खूण केली.

बेरीज बरोबर, हिशेब साफ खोटा. १९०१ साली टचडाऊनचे ५ मिळत आणि फील्ड गोलचेही ५च. म्हणजे माझ्या त्या बावीसमधला किकचा १ सोडला तर एकही दर त्या वर्षीचा नव्हता. बेरीज जुळली म्हणून व्हाउचर न बघता सही करणाऱ्या कारकुनांवर मी आयुष्यभर डाफरत आलो, आणि इथे मी स्वतः तेच केलं.

त्या मुक्कामात तो हंगाम मी दोनशे पानी वहीत उतरवला, नंतर आणखी काही. कुणाला हा नाद लावून घ्यायचा असेल तर माझी रीत खाली दिली आहे. फुटबॉल म्हणजे इथे लांबट चेंडू काखेत घेऊन मुसंडी मारायचा अमेरिकन खेळ. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याच्याशी याचा संबंध नावापुरता.

पहिलं पान दरपत्रकाचं

वहीच्या पहिल्या पानावर संघाचं नाव नको, खेळाडूंची नावं नकोत. आधी त्या वर्षाचे दर लिहा. विसाव्या शतकाच्या पहिल्या बारा-तेरा वर्षांत हे दर इतक्या वेळा बदलले, की शेजारशेजारच्या दोन हंगामांचे आकडेही डोळे मिटून तुलनेला ठेवता येत नाहीत.

१८९८ पासून टचडाऊनचे ५, त्यानंतरच्या किकचा १, फील्ड गोलचे ५ आणि सेफ्टीचे २. सेफ्टी म्हणजे चेंडू घेतलेला गडी आपल्याच गोलरेषेच्या मागे लोळवला जाणं; गुण समोरच्यांना. १९०४ मध्ये फील्ड गोल ५ वरून ४ वर आला, १९०९ मध्ये ३ वर. १९१२ मध्ये टचडाऊन ६ चा झाला. एवढ्या चार ओळी पहिल्या पानावर असल्या तरी निम्म्या चुका टळतात.

त्याखाली मैदान आणि घड्याळ. १९११ पर्यंत मैदान ११० यार्ड लांब, १९१२ पासून १००. १९०५ पर्यंत तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं. १९०६ पासून तीन प्रयत्नांत दहा, १९१२ पासून चार प्रयत्नांत दहा. १९०५ पर्यंत पस्तीस मिनिटांचे दोन हाफ, १९०६ पासून तीस मिनिटांचे, आणि १९१० पासून पंधरा मिनिटांचे चार भाग. चेंडू पुढे फेकायला, म्हणजे फॉरवर्ड पासला, परवानगी १९०६ ची. त्याआधीच्या एखाद्या सामन्याच्या वर्णनात तुम्हाला सुरेख फॉरवर्ड पास दिसला, तर एक तर साल चुकलंय किंवा लेखकाने पदरचं घातलंय.

१९०६ साली एवढी उलथापालथ का झाली, हेही दोन ओळींत लिहून ठेवा, कारण त्या वर्षापासून आकड्यांची चालच बदलते. पाच यार्ड मिळवायला सगळ्यांनी एकमेकांना धरून, ढकलून, घोळक्याने घुसणं हाच सोपा मार्ग होता. त्यात हातपाय मोडत, माणसं मरतही. १९०५ च्या हंगामाअखेर 'शिकागो ट्रिब्यून'ने अठरा मृत्यू मोजले. त्याआधी ऑक्टोबरमध्येच राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं होतं. कोलंबियाने तर खेळच बंद केला. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया १९०६ पासून रग्बी खेळू लागले, त्यामुळे या दोघांचे त्यानंतरचे काही हंगाम या दरपत्रकात बसतच नाहीत. मी ते हंगाम सोडून दिले. रग्बीसाठी वेगळी वही घालायचं माझं वय नाही.

तारखा, आणि नव्या सालातला जुना सामना

दुसऱ्या पानावर कॅलेंडर. हंगाम साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी सुरू होऊन नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी, म्हणजे थँक्सगिव्हिंगला, संपायचा. मिशिगनचा १९०१ चा हंगाम असा:

२८ सप्टेंबर, अल्बियन, ५०–०
५ ऑक्टोबर, केस, ५७–०
१२ ऑक्टोबर, इंडियाना, ३३–०
१९ ऑक्टोबर, नॉर्थवेस्टर्न, २९–०
२६ ऑक्टोबर, बफेलो, १२८–०
२ नोव्हेंबर, कार्लाइल, २२–० (डेट्रॉइटला)
९ नोव्हेंबर, ओहायो स्टेट, २१–० (कोलंबसला)
१६ नोव्हेंबर, शिकागो, २२–०
२३ नोव्हेंबर, बेलॉइट, ८९–०
२८ नोव्हेंबर, आयोवा, ५०–० (शिकागो शहरात)
१ जानेवारी १९०२, स्टॅनफर्ड, ४९–० (पॅसाडेनाला)

बेरीज करून बघा. मी तीनदा केली, एकदा खालून वर. ५५० भरतात. अकरा सामने, म्हणजे सरासरी बरोबर पन्नास. इतका गोल आकडा दिसला की माझ्यासारख्याला झोप येत नाही, पण हा खरा आहे.

शेवटच्या ओळीतली तारीख बघा. सामना १९०२ मधला, हंगाम १९०१ चा. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं हे अंगवळणी पडलेल्या माणसाला यात नवल वाटायला नको, तरी याद्या करणारे इथे हमखास घसरतात. पानाच्या डोक्यावर हंगामाचं साल आणि ओळीत पूर्ण तारीख, अशी दोन्हीकडे नोंद करा.

कॅलेंडर चाळताना एखादी तारीख अशक्य वाटली, तरी लगेच खोडरबर उचलू नका. टेनेसीतल्या सिवानी या छोट्या कॉलेजने १८९९ च्या नोव्हेंबरमध्ये ९ पासून १४ तारखेपर्यंत पाच सामने खेळले: ऑस्टिनला टेक्सास, ह्यूस्टनला टेक्सास ए अँड एम, न्यू ऑर्लिन्सला टुलेन, बॅटन रूजला लुइझियाना स्टेट (एल. एस. यू.) आणि मेम्फिसला मिसिसिपी. मध्ये फक्त रविवारची सुट्टी. सगळा प्रवास रेल्वेने, पाचही जिंकले आणि पाचांत मिळून एकही गुण दिला नाही. ही यादी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तारखांपुढे लाल प्रश्नचिन्हं टाकली होती. ती खोडायला लागली.

दोन्ही बाजूंची वर्तमानपत्रं

सामन्याची नोंद दोन गावांच्या वह्यांत असते. जिंकलेल्या गावाचं वर्तमानपत्र जमेची बाजू रंगवतं, हरलेल्या गावाचं वर्तमानपत्र कुणाचा गुडघा दुखावला होता आणि पंच कुठे झोपला होता ते सांगतं. दोन्ही वाचल्याशिवाय ओळ पक्की करू नका. घरबसल्या हे जमतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी वर्तमानपत्रं 'क्रॉनिकलिंग अमेरिका' या नावाने इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. कित्येक विद्यापीठांनी आपापल्या विद्यार्थी दैनिकांचे जुने अंकही तसेच ठेवले आहेत. मिशिगनच्या संघासाठी अ‍ॅन आर्बरची बेंटली हिस्टॉरिकल लायब्ररी आहे. तिथे सालवार संघ, फोटो, निकाल सगळं लावून ठेवलंय. शिवाय वॉल्टर कँप संपादित करायचे ती स्पाल्डिंगची वार्षिक मार्गदर्शिका. तिच्यात नियम, संघांचे फोटो आणि आदल्या हंगामाचे निकाल असायचे. म्हणून १९०१ साठी १९०२ चा अंक उघडा.

सामने शनिवारी, तेव्हा सविस्तर बातमी रविवारच्या अंकात. रविवारी न निघणाऱ्या पेपरात ती सोमवारी शोधा, तोवर ती आटून चार ओळींची झालेली असते.

आता शोधायचं कसं. 'फुटबॉल' हा शब्द तेव्हा बऱ्याचदा दोन तुकड्यांत छापायचे, फुट वेगळा आणि बॉल वेगळा. दोन्ही तऱ्हांनी शोधा. 'टीम'पेक्षा 'इलेव्हन' जास्त सापडतं. क्रिकेटमुळे आपल्याला ते परकं वाटत नाही. मिशिगन ज्या विद्यापीठांच्या परिषदेत खेळतं तिचं आजचं नाव 'बिग टेन' टाकलंत तर हाती काही लागणार नाही. १९०१ मध्ये तिला वेस्टर्न कॉन्फरन्स म्हणत.

खेळाडूंच्या आडनावांनी तर माझा अंत पाहिला. १९०१ च्या मिशिगनच्या संघात कप्तान व्हाइट, फुलबॅक स्नो, क्वार्टरबॅक वीक्स आणि एक शॉर्ट्स. मराठीत सांगायचं तर पांढरा, बर्फ, आठवडे आणि चड्डी. 'स्नो' शोधलं की मिशिगनच्या नोव्हेंबरचं सगळं हवामान पडद्यावर येतं. 'व्हाइट' म्हणजे चादरींच्या जाहिराती. 'वीक्स' शोधायला गेलो तेव्हा चार आठवड्यांत केस उगवून देणाऱ्या तेलात अर्धा तास अडकलो. शेवटी उपाय सापडला तो असा: साध्या शब्दासारखं आडनाव सोडा आणि त्याच संघातलं सगळ्यात अवघड आडनाव शोधा. या संघात हर्नस्टाइन होता. हे आडनाव केसांच्या तेलाच्या जाहिरातीत येत नाही. फक्त ते दोन-तीन स्पेलिंगांनी टाकायचं, कारण घाईत जुळारी एखादं अक्षर गाळायचा आणि जुना छापा वाचणारं यंत्र उरलेली बिघडवतं. हर्नस्टाइन सापडला की त्याच चौकटीत बाकीचे ओळीने उभे असतात.

चौकट वाचायची रीत

बातमीच्या तळाशी बारीक टाइपात संघांची चौकट असते. वर्णन नंतर वाचा, आधी ही. डावीकडे एका संघाची नावं, उजवीकडे दुसऱ्याची, मध्ये जागांची आद्याक्षरं. मी पहिल्यांदा मधली आद्याक्षरं दोन्ही संघांना सारखीच लावली आणि सगळा संघ आरशात उलटा झाला. दोन संघ समोरासमोर उभे असतात, तेव्हा एकाच्या लेफ्ट एंडसमोर दुसऱ्याचा राइट एंड येतो. नीट छापलेल्या चौकटीत 'एल. ई.' आणि 'आर. ई.' अशी जोडी दिसते. एकच आद्याक्षर असेल तर ते डावीकडच्या संघाचं धरून चाला आणि दुसऱ्या पेपरशी ताडून बघा.

तेव्हा अंगरख्यावर नंबर नसत. वार्ताहर कडेला उभा राहून चिखलाने माखलेल्या बावीस माणसांतून कोण पळालं हे ओळखायचा. म्हणून एका पेपरात टचडाऊन हेस्टनच्या नावावर आणि दुसऱ्यात हर्नस्टाइनच्या, असं दिसलं तर रागावू नका. दोन्ही लिहा, पुढे पेपरचं नाव लिहा आणि तिसरा पुरावा मिळेपर्यंत थांबा.

नावापुढे स्वल्पविराम देऊन किंवा कंसात आणखी एक नाव असतं, तो बदली खेळाडू. १९०१ मध्ये एकदा बाहेर गेलेला गडी परत आत येऊ शकत नसे. म्हणजे चौकटीत अकराच नावं असली तर ते अकराजण शेवटपर्यंत उभे होते. पॅसाडेनाला मिशिगनची नावं अकराच आहेत.

चौकटीखाली आणखी दोन ओळी असतात, त्या बहुतेक लोक सोडून देतात. एकीत टचडाऊन कुणी किती केले, 'गोल्स फ्रॉम टचडाऊन' कुणी किती मारले, आणि पंच, रेफ्री, लाइन्समन यांची नावं. दुसरीत वेळ. नियमाने हाफ पस्तीस मिनिटांचा असला, तरी दुबळ्या पाहुण्यांशी खेळताना कप्तान आपसांत ठरवून तो वीस-पंचवीस मिनिटांवर आणत. गुण लिहिले आणि मिनिटं लिहिली नाहीत, तर ती नोंद अर्धवट. या संघाला लोक 'पॉइंट अ मिनिट' म्हणत; त्यातला मिनिट तुम्ही वहीत लिहिलाच नाही तर ते नाव खरं की खोटं हे तपासणार कसं?

आकड्यांची फोड

आता पेन्सिल घ्या. बफेलोविरुद्धचे १२८ घेऊ. क्षणभर धरून चला की सगळे गुण टचडाऊन आणि त्यावरच्या किकांचे. २१ टचडाऊन सगळ्या किकांसह १२६ होतात, म्हणजे कमी पडतात. २६ टचडाऊन किकेविना १३०, म्हणजे जास्त. तेव्हा टचडाऊन २२ ते २५ च्या मध्येच असणार: २२ आणि १८ किका, २३ आणि १३, २४ आणि ८, किंवा २५ आणि ३. चार दारं. कुठलं उघडायचं ते चौकटीतल्या त्या दुर्लक्षित ओळीवरून ठरवा, मनाने ठरवू नका. सेफ्टी आणि फील्ड गोल असतील तर दारं आणखी वाढतात.

पॅसाडेनाच्या ४९ मध्ये नेमकं हेच होतं. नुसत्या आकड्यावरून ९ टचडाऊन आणि ४ किका असं कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात ८ टचडाऊन, ४ किका आणि १ फील्ड गोल. दोन्हींचे ५च असल्याने बेरजेला फरक कळत नाही. आठांपैकी पाच टचडाऊन एकट्या स्नोचे होते.

आठातल्या चारच किका खांबांमधून का गेल्या, असा प्रश्न आजच्या प्रेक्षकाला पडेल, कारण आज ती किक समोरून मारतात आणि बहुधा जातेच. तेव्हा तसं नव्हतं. टचडाऊन जिथे झाला त्याच्या सरळ रेषेत चेंडू मैदानात मागे आणून किक मारावी लागे. कोपऱ्यात टचडाऊन झाला तर खांब तिरके दिसत. त्यावर एक सोय होती, 'पंट-आउट'. गोलरेषेवरून आपल्याच गड्याकडे चेंडू लाथेने उंच टोलवायचा, त्याने तो झेलायचा आणि झेलला तिथून किक मारायची. झेल सुटला तर किकची संधीही गेली. शिवाय किकेसाठी एकजण जमिनीवर आडवा पडून चेंडू हातात तोलून धरायचा. चेंडू मातीला टेकला रे टेकला की समोरचे अकराजण सुटायचे. म्हणून त्या काळातला किक मारणारा किती किका खांबांतून गेल्या यावर तोलताना किती कोपऱ्यातून होत्या हेही बघा, बातमीत मिळालं तर.

दर बदलले की फोडही बदलते. १९०६ चा शिकागोचा हंगाम त्यासाठी घ्या, पाचच ओळींचा आहे. परिषदेने त्या वर्षी पाचापेक्षा जास्त सामन्यांना बंदी घातली होती. पर्ड्यू ३९–०, इंडियाना ३३–८, मिनेसोटा २–४, इलिनॉय ६३–०, नेब्रास्का ३८–५. एकूण १७५–१७, चार विजय, एक हार. इंडियानाचे ८ बघा. त्या वर्षीच्या दराने ते दोन फील्ड गोल असतील, किंवा किकेसह एक टचडाऊन आणि एक सेफ्टी, किंवा एक फील्ड गोल आणि दोन सेफ्टी. मिनेसोटाच्या ४ साठी मात्र मला चौकट लागली: बॉबी मार्शलने मारलेला फील्ड गोल. शिकागोच्या नावावर फक्त एक सेफ्टी. अख्ख्या हंगामात १७५ गुण करणारा संघ दोन आणि चारच्या फरकाने अजिंक्यपद घालवतो. हा सामना दोन वर्षं लवकर झाला असता तर... नाही, १९०४ लाही फील्ड गोल ४ चाच होता. बघा, मीसुद्धा अजून पहिलं पान उलटून बघतो.

१९११ ला कार्लाइलने हार्वर्डला १८–१५ हरवलं. जिम थॉर्पचे चार फील्ड गोल. तोवर दर ३ वर आला होता, तेव्हा १२, अधिक किकेसह एक टचडाऊन ६. बरोबर अठरा. अशी एका दमात बसणारी फोड आठवड्यातून एकदा तरी करावी, मन प्रसन्न राहतं.

उचंत खातं

कुठला सामना मोजायचा आणि कुठला नाही, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. त्या काळी मोठी कॉलेजं सुरुवातीला हायस्कूलच्या मुलांशी, वैद्यकीय कॉलेजांशी, माजी विद्यार्थ्यांशी खेळून हात साफ करून घेत. मोठं कॉलेज त्याला सराव म्हणायचं, छोटं कॉलेज तोच सामना अभिमानाने आपल्या हंगामात धरायचं. म्हणून एकाच संघाची जय-पराजयाची बेरीज दोन ठिकाणी वेगळी दिसते, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. ज्याचा पत्ता लागत नाही ती रक्कम आपण बँकेत उचंत खात्यात टाकतो. वहीच्या शेवटी तसंच एक पान ठेवा. तिथे सामना, तारीख, गुण आणि कोण मोजतं, कोण मोजत नाही एवढं लिहा. मुख्य बेरजेत घेऊ नका.

पैशांचे व्यवहार सापडले तर तेही याच पानावर. मला त्यातच जास्त रस. पाहुण्या संघाला येण्याबद्दल ठरावीक रक्कम द्यायची पद्धत होती. १९१३ मध्ये नोत्र दाम वेस्ट पॉइंटला आर्मीशी, म्हणजे तिथल्या लष्करी अकादमीच्या संघाशी, खेळायला गेले ते हजार डॉलरवर, आणि ३५–१३ जिंकून परतले. १९१६ मध्ये कंबरलँड कॉलेजने फुटबॉल बंद केलेला असताना जॉर्जिया टेकशी झालेला करार मोडला तर तीन हजार डॉलर दंड होता. म्हणून त्यांनी गोळा करता आली तेवढी मुलं गाडीत घातली आणि २२२–० हरून आले. बत्तीस टचडाऊन, तीस किका. ६ च्या दराने करून बघा.

शेऱ्याचा रकाना

शेवटचा रकाना रुंद ठेवा, निदान चार बोटं. जे आकड्यात मावत नाही ते इथे.

३१ ऑक्टोबर १९०३, मिनियापोलिस, मिशिगन ६, मिनेसोटा ६. शेरा: बरोबरी होताच लोक मैदानात घुसले, वेळ शिल्लक असताना खेळ थांबला, मिशिगनवाले पाण्याचा मातीचा जग तिथेच विसरले. त्या जगासाठी दोन्ही विद्यापीठं आजही खेळतात.

३० नोव्हेंबर १९०५, थँक्सगिव्हिंग, शिकागो २, मिशिगन ०. त्याआधीच्या बारा सामन्यांत मिशिगनने ४९५ गुण करून एकही दिला नव्हता, आणि १९०१ पासून सलग ५६ सामने हा संघ हरलेला नव्हता. शेरा: एक सेफ्टी. एवढंच लिहिलं. ज्या मुलाला गोलरेषेमागे लोळवलं त्याचं नाव सगळ्या पेपरांत मोठ्या अक्षरांत आहे. मी ते वहीत घेतलं नाही. हिशेबाला त्याची गरज नव्हती.

१ जानेवारी १९०२, पॅसाडेना. मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट आदल्याच हंगामात, १९०० ला, स्टॅनफर्डला शिकवत होते, म्हणजे समोरची बरीच मुलं त्यांच्याच हाताखालची. शेरा: आठ मिनिटं उरली असताना स्टॅनफर्डच्या कप्तानाने पुरे म्हटलं, मिशिगनच्या कप्तानाने मानलं. स्टॅनफर्डचा हंगाम वेगळ्या वहीत मांडत असाल तर तिथेही हाच सामना ०–४९ म्हणून आला पाहिजे आणि शेराही तोच पाहिजे. नसेल तर दोन्ही वह्या उघड्या ठेवून पुन्हा बसा.

या सामन्यानंतर पॅसाडेनाच्या आयोजकांनी नवीन वर्षाच्या दिवशी फुटबॉल ठेवणंच सोडलं. पुढे तिथे रथांच्या शर्यती झाल्या. फुटबॉल परत आला तो १ जानेवारी १९१६ ला: वॉशिंग्टन स्टेट १४, ब्राउन ०. ही ओळ १९१५ च्या वहीत जाते. दोन टचडाऊन, दोन किका. सात आणि सात. नातवाने सांगितलेले दर इथे पहिल्यांदा कामाला आले, आणि मी हिरव्या शाईने खूण केली.